श्रावणातले दादा

आखाडातल्या अवसेला दादा पोटभर प्यायचे आणि दुसऱ्या दिवसापासून बाटलीला शिवायचे नाहीत. थेट पोळ्यापर्यंत.

तो महिना घराला मानवायचा. दादांना शांत झोप लागायची, पोटातली जळजळ थांबायची, एखादी भाकरी जास्त जायची. पुढे तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर दारू थांबली तर लिव्हरवरची चरबी कमी होऊ लागते, बीपीही उतरतं. पण रोज भरपूर पिणाऱ्यानं एकाएकी सोडू नये. हात कापतात, झटकेही येतात, म्हणून आधी दवाखान्यात विचारावं. श्रावणाच्या पहिल्या दिवसांत दादांच्या हातातली कपबशी का खडखडायची, ते मला तेव्हा उमगलं.

पोळ्याच्या करीला बाटली परत यायची. माय एकदाच बोलली, “देवाला दिलेला शबूद पाळता, मग लेकरायला दिलेला काहून नाही?” दादा खाली मान घालून बसले.

मलाही बरीच वर्षं ते ढोंगच वाटायचं. आता वाटत नाही. ढोंग करणाऱ्याची कपबशी खडखडत नाही. श्रावणात दादांच्या पाठीशी देव होता, तसा गावही होता. सगळ्या आळीनंच सोडलेली, त्यामुळे “घे रे थोडी” म्हणणारं कुणी नसायचं. भादवा लागला की तेच सोबती दारात हाक मारायला उभे.

दादांचा शब्द कच्चा होता, हे खरंच. पण तो महिनाभर टिकायचा तो सगळ्यांनी मिळून धरल्यामुळे. उरलेले अकरा महिने आम्ही तो त्यांच्या एकट्यावर टाकला.