उसना सांधा

साठी-पासष्टीच्या एखाद्या माणसाचा खुब्याचा सांधा झिजून जातो. दोन-चार वर्षे तो लंगडत काढतो, रात्री कूस बदलताना कळवळतो आणि शेवटी सांधा बदलून घेतो. काही महिन्यांत तो नीट चालू लागतो. मग एके दिवशी घरात सांगतो की, या हिवाळ्यात मी पुन्हा बर्फावर जाणार, पायांना स्की बांधून उतारावरून घसरणार. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रियासारख्या देशांत असा माणूस आता दुर्मीळ राहिलेला नाही. याला काय म्हणायचे? हौसला की हट्ट? मिळालेल्या देणगीचा हा शुक्र आहे की नाशुक्री?

वाचकहो, आम्ही कधी स्कीवर उभे राहिलेलो नाही. आपल्यापैकी बहुतेकांचा या खेळाशी संबंध आला असेल तो काश्मीरच्या सहलीत, गुलमर्गला, फोटो काढण्यापुरता. तरीही हा प्रश्न परका वाटत नाही. आपल्याकडचे बुजुर्ग गुडघा किंवा खुबा बदलून घेताना डॉक्टरांना विचारतात, जमिनीवर मांडी घालता येईल का? सजद्यात जाता येईल का? हाजी मलंगची चढण पुन्हा जमेल का? मूळ प्रश्न तोच आहे. बर्फाच्या उतारावर तो अधिक उघडा पडतो, एवढेच. तिथे फर्ज नाही, पोटाची गरज नाही, कुणाची सक्ती नाही. एका बाजूला निव्वळ आवड आणि दुसऱ्या बाजूला पडण्याची भीती. नैतिक प्रश्न इतका सोललेला क्वचितच हाती येतो.

आधी हा सांधा आला कुठून ते पाहू. खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचे गोल डोके कटीच्या हाडातल्या खळग्यात फिरते. दोघांमधली कूर्चा झिजली की हाडावर हाड घासते. इंग्लंडमध्ये रायटिंग्टन येथील रुग्णालयात जॉन चार्नली नावाचे शल्यविशारद यावर वर्षानुवर्षे खटपट करीत होते. त्यांनी खळग्यासाठी आधी टेफ्लॉन वापरून पाहिले. शेकडो रुग्णांना ते बसवले. सुरुवातीला रुग्ण खूश होते, पण दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजू लागले, त्याच्या कणांनी आजूबाजूच्या ऊती बिघडल्या आणि पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची पाळी आली. त्यानंतर एक विक्रेता नवे प्लास्टिक घेऊन आला. ते लँकेशायरच्या कापड गिरण्यांत मागांच्या दातेरी चाकांसाठी वापरले जात होते. मालेगाव-भिवंडीच्या वाचकांना हे वाचून गंमत वाटेल, की मागाच्या खडखडाटात टिकणारी वस्तू माणसाच्या खुब्यात टिकली. चार्नलींना ते प्लास्टिक पहिल्यांदा पसंत पडले नव्हते. त्यांच्या तंत्रज्ञाने ते यंत्रावर घासून पाहिले आणि झीज फारच कमी निघाली. मग चार्नलींनी टेफ्लॉनचा आणि या नव्या पॉलिथिलीनचा अंश स्वतःच्या मांडीत घालून घेतला. टेफ्लॉनच्या जागी गाठी आल्या, दुसऱ्या जागी काही झाले नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये त्यांनी हा नवा सांधा बसवायला सुरुवात केली. आज जगभर बसवले जाणारे खुबे त्याचेच वंशज आहेत.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार विचार करायला लावते. चार्नली आपल्या रुग्णांना विचारून ठेवीत, की तुमच्या मृत्यूनंतर हा सांधा परत द्याल का? किती झिजला ते त्यांना पाहायचे होते. म्हणजे रुग्ण जो खुबा घेऊन घरी जाई तो एका अर्थी उसना होता. चालायचे, फिरायचे, जगायचे आणि शेवटी हिशेब द्यायचा.

उर्दूच्या तासाला अमानत हा शब्द आला की मुले झटकन सांगतात, ‘दुसऱ्याने ठेवायला दिलेली वस्तू.’ उत्तर बरोबर आहे, पण अर्धेच. आपल्या जुन्या फिकहच्या ग्रंथांत दोन वेगळे प्रकार आहेत. एक वदीअत, म्हणजे जपून ठेवण्यासाठी दिलेली ठेव. ती वापरायची नसते. तुमच्याकडे कुणी दागिने ठेवले तर ते घालून लग्नाला जाता येत नाही. दुसरी आरियत, म्हणजे वापरण्यासाठी उसनी दिलेली वस्तू. शेजाऱ्याने शिडी दिली ती चढण्यासाठीच दिली. (काव्यशास्त्रातला इस्तिआरा याच शब्दाच्या कुळातला आहे. एका शब्दाचा अर्थ दुसऱ्याला उसना द्यायचा, म्हणून इस्तिआरा. वर्गात हे सांगितले की मुलांना तो अलंकार पुन्हा समजवावा लागत नाही.) उसनी वस्तू हरवली वा मोडली तर भरपाई द्यायची की नाही, यावर आपल्या कोकणातल्या शाफईंचे आणि घाटावरच्या हनफींचे मत एक नाही. पण परवानगी असलेल्या वापरात जी झीज होते तिचा दोष कुणीच घेणाऱ्याच्या माथी मारत नाही. आम्ही काही आलिम नाही, फतवा द्यायला बसलेलो नाही. एवढेच म्हणतो की, घरचे लोक नव्या सांध्याला वदीअत समजतात आणि त्या माणसाला मनातून ती आरियत वाटते. सारी भांडणे इथून सुरू होतात.

आमचा कौल आरियतच्या बाजूने आहे. कुणी एवढी चिरफाड करून, हाड कापून, पैसा ओतून सांधा बसवतो तो खुर्चीत बसून राहण्यासाठी नव्हे. पण मग लगेच पुढचा प्रश्न येतो, परवानगी कुठवर? शिडी चढायला दिली, ती चुलीत घालायला दिली नव्हती.

इथे वैद्यकशास्त्र थोडी मदत करते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका हिशेबाप्रमाणे चालताना खुब्यावर माणसाच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, धावताना पाच पटींच्या आसपास. सौम्य उतारावर लांबलचक वळणे घेत स्की केले तर सुमारे चार पट, म्हणजे धावण्याहून कमी. पण तीव्र उतारावर आखूड, झटक्याची वळणे घेतली की तोच आकडा आठ पटींच्या जवळ जातो. खेळ एकच, माणूस एकच, सांधा एकच. फरक पडतो तो वळण कसे घेतले यावर. स्वित्झर्लंडमध्ये खुबा बदललेल्या पन्नास स्की करणाऱ्या आणि पन्नास न करणाऱ्या रुग्णांकडे दहा वर्षे लक्ष ठेवले गेले. तो अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी पाहिले तेव्हा स्की करणाऱ्यांचे सांधे अधिक सैल झालेले नव्हते. मात्र दहा वर्षांनी त्यांच्या सांध्यांची झीज सरासरीने जास्त दिसली. तेव्हाच्या मानाने आजचे प्लास्टिक बरेच टिकाऊ आहे, हेही सांगायला हवे.

२००७ मध्ये अमेरिकेतल्या सांधेबदल करणाऱ्या शल्यविशारदांची मते गोळा केली गेली. धावण्याला त्यांनी नकार दिला. उतारावरच्या स्कीला म्हणाले, अनुभव असेल तर चालेल. हा ‘अनुभव असेल तर’ आम्हाला फार अर्थपूर्ण वाटतो. ज्याने कधी स्की केले नाही त्याने नवा खुबा घेऊन शिकायला जाऊ नये. ज्याचे शरीर चाळीस वर्षे ते करीत आले आहे त्याने जावे. म्हणजे परवानगी त्याच्या सांध्याला मिळत नाही, त्याच्या गतकाळाला मिळते. सांधा सहा महिन्यांचा, पण तोल सांभाळण्याची अक्कल जुनी. खरा धोका आहे तो पडण्याचा. सांधा निखळू शकतो, किंवा धातूच्या दांड्याभोवतीचे हाड मोडते आणि ते जोडणे पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा अवघड असते. अनुभवी माणूस कमी पडतो, आणि पडायचेच असेल तर कसे पडावे हेही त्याला ठाऊक असते.

पण अनुभवाला एक खोड असते. तो जुन्या मापाने मोजतो. सिसेरोने इ.स.पूर्व ४४ मध्ये म्हातारपणावर जे लिहिले त्यात मायलो नावाच्या पहिलवानाची गोष्ट आहे. तो म्हातारपणी आखाड्यातली तरुण पोरे पाहतो आणि आपल्या दंडांकडे बघून रडतो. सिसेरो त्याला फटकारतो, की तुझे मोठेपण त्या दंडांतच होते काय? आम्हाला सिसेरोचे हे बोलणे थोडे कठोर वाटते. पुस्तके वाचणाऱ्याने पहिलवानाला असे सांगणे सोपे आहे. डोळे गेले असते तर सिसेरो रडला नसता काय? माणूस ज्या अवयवाने जगावर प्रेम करतो त्या अवयवासाठी रडणे आम्हाला हलके वाटत नाही. मायलोला नवे दंड मिळण्याची सोय नव्हती. आजच्या म्हाताऱ्याला नवा खुबा मिळतो, आणि तिथून वेगळाच पेच सुरू होतो.

पेच असा, की नवा सांधा दुखत नाही. जुना सांधा वाईट होता, पण बोलत होता. जिना चढताना, थंडीत, पावसाळ्याच्या तोंडावर तो सांगे, बस झाले. त्याचे सांगणे त्रासदायक होते, तरी खरे होते. नवा सांधा धातूचा, प्लास्टिकचा, सिरॅमिकचा. त्याला मज्जातंतू नाहीत. तो झिजत असताना मालकाला पत्ता लागत नाही. बऱ्याचदा सैल झाल्यावर, हाड खाल्ले गेल्यावर दुखते आणि तोवर उशीर झालेला असतो. म्हणून डॉक्टर ठरावीक काळाने क्ष-किरण तपासणीला बोलावतात. वेदना गेली याचा आनंद सर्वांना होतो. पण वेदनेबरोबर घरातली एक म्हातारी, कटकटी, खरे बोलणारी नातेवाईक निघून गेली, हे लक्षात येत नाही. तिचे काम आता कुणी करायचे? आमच्या मते या प्रश्नात नैतिक म्हणावे असे जे आहे ते इथे आहे. आजवर थांबायला शरीर सांगत होते, आता स्वतःलाच सांगावे लागते, आणि तेही ज्या क्षणी सर्वांत बरे वाटत असते त्या क्षणी. रमजानात पाण्याचा पेला समोर असतो, घशाला कोरड असते, कुणी बघत नसते. तिथे निदान तहान तरी जाणवते. इथे ना तहान ना कोरड.

आता घरच्यांविषयी. आपल्याकडे माणसाचे वय झाले की एकच शब्द कानावर पडतो, ‘बसा.’ अब्बा, बसा. दादी, तुम्ही बसा, आम्ही करतो. हा शब्द आदराचा आहे, प्रेमाचा आहे, आणि थोडा सोयीचाही आहे. बसलेला म्हातारा सांभाळायला सोपा. बायकांच्या वाट्याला तर तो दहा वर्षे आधीच येतो. पण दुसरी बाजूही खरी आहे. म्हातारा पडला तर दोन महिने त्याला उठवणार, न्हाऊ घालणार ती सून किंवा मुलगी असते. उतारावर जायचे की नाही हे ठरवताना तिला कुणी विचारते काय?

युइचिरो मिउरा या जपानी माणसाचे उदाहरण नेहमी दिले जाते. २००९ मध्ये स्की करताना पडून त्यांचे कटीचे आणि मांडीचे हाड मोडले. सांधा बदलला नाही, हाडे भरून आली, आणि २०१३ मध्ये ऐंशीव्या वर्षी ते एव्हरेस्टवर पोहोचले. हौसल्याला सलाम. पण याच मिउरांची १९७० ची मोहीमही आठवावी. तेव्हा ते एव्हरेस्टच्या उतारावरून स्कीने खाली आले, आणि त्याच मोहिमेत खुंबूच्या हिमप्रपातात सहा शेर्पा मारले गेले. उतरणाऱ्याचे नाव जगाला माहीत आहे. गुलमर्गलाही आपली माणसे लाकडी घसरगाडीवर बसतात आणि एक काश्मिरी माणूस दोरी खांद्यावर घेऊन ती चढावर ओढत नेतो. एकाच्या मौजेचे ओझे दुसरा वाहतो हे बर्फावर जरा लवकर दिसते, इतकेच.

म्हणून आम्ही त्या पासष्टीच्या माणसाला जा म्हणू. त्याने घरात विचारून जावे. ‘मी जाऊ का’ असे लहान मुलासारखे विचारण्याची गरज नाही. ‘पडलो तर कोण काय करील’ हे विचारावे आणि उत्तर ऐकून घ्यावे. सहा महिने मांडीच्या स्नायूंची कसरत केलेली असावी. युरोपातल्या उतारांना रंग दिलेले असतात, निळा सोपा, लाल मध्यम, काळा कठीण. तारुण्यात ज्या निळ्या उतारावरच्या लोकांना तो हसला होता त्यांच्यात त्याला आता उभे राहावे लागेल. सकाळी बर्फ घट्ट आणि नीट असताना दोन-चार फेऱ्या, लांब वळणे. वेग वाढला की पाय मागतात, आणखी. सांधा काही बोलत नाही. दुपारकडे बर्फ ओले आणि जड होऊ लागते, तेव्हा लिफ्टच्या रांगेत त्याचा नंबर जवळ आलेला असतो. तो स्की सोडतो, खांद्यावर घेतो आणि बाजूला होतो. मागची पोरे पुढे सरकतात.