ऐकणाऱ्याची रात्र, बोलणाऱ्याचा दिवस

वाशीम जिल्ह्यात ख्रिस्ती माणूस शोधावा लागतो. देव मात्र शोधावा लागत नाही. १९९८ साली अकोल्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकवस्ती बारा लाखांच्या घरात. मानोरा तालुक्यात बंजारा समाजाचे पोहरादेवी, कारंज्यात नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान आणि त्याच गावी जैनांची जुनी ग्रंथभांडारे, मालेगाव तालुक्यात शिरपूरचा अंतरिक्ष पार्श्वनाथ. वाकाटकांच्या वत्सगुल्माची ही भूमी धर्मविचाराला पारखी कधीच नव्हती. येथील मोजकी कॅथॉलिक कुटुंबे अमरावती धर्मप्रांतात मोडतात. खेड्यापाड्यांतील बहुसंख्य लोकांचा कॅथॉलिक धर्मगुरूशी आयुष्यात एकदाही संबंध आलेला नसणार.

आणि तरीही येशूचे नाव आज त्यांच्या खिशात आहे. मोबाइलच्या पडद्यावर कीर्तनाच्या खाली, सोयाबीनच्या भावाच्या वर, कोणीतरी हात उंचावून येशूविषयी बोलत असते. बोलणारा कोठला, कोणत्या ख्रिस्तसभेचा, हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसते. ऐकणारा कोण, हे बोलणाऱ्याला ठाऊक नसते. ज्याने विचारले नाही आणि ज्याचा चेहराही आपण पाहिला नाही, अशा माणसाशी श्रद्धेविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला कोणत्या अटीवर मिळतो? हा प्रश्न तंत्राचा नाही, नीतीचा आहे. आणि आपल्याकडे चर्चा होते ती मात्र तंत्राचीच.

प्रथम भाषेचे पाहू. या चित्रफितींतील बरेचसे शब्द हिंदीतून जसेच्या तसे उचललेले असतात. ‘अभिषेक’ म्हटले की वाशीमच्या माणसाच्या डोळ्यांपुढे शंकराच्या पिंडीवर धरलेली संततधार येते. पवित्र आत्म्याचे दान येत नाही. ‘चंगाई’ त्याला ठाऊकच नसते. आपणही फारसे निराळे नाही. ‘मिस्सा’, ‘परमप्रसाद’, ‘पापनिवेदन’ हे शब्द वसईत घरचे आहेत. रिसोडच्या बाजारात त्यांना दुभाषा लागेल. ‘साक्ष’ हा शब्द तेवढा तेथे सर्वांना कळतो, पण तो कोर्टातला म्हणून. मला वाटते, तोच अर्थ आपल्या उपयोगाचा आहे. कोर्टातील साक्षीदाराला आपले नाव सांगावे लागते, समोर उभे राहावे लागते आणि उलटतपासणीला उत्तरे द्यावी लागतात. निनावी खात्यावरून दिलेल्या साक्षीची उलटतपासणी कोणी आणि कोणाची करायची?

योहानकृत शुभवर्तमानात निकदेम हा प्रतिष्ठित परुशी रात्रीच्या अंधारात प्रभूकडे येतो. प्रभू त्याला ‘दिवसा ये’ असे सांगत नाही, त्याच्या भेटीचा गवगवाही करीत नाही. मात्र त्याच शुभवर्तमानात पुढे महायाजकासमोर उभे असताना प्रभू सांगतो, की आपण जे बोललो ते उघडपणे, सभास्थानांत आणि मंदिरात बोललो. चोरून काहीही बोललो नाही. या दोन प्रसंगांतून एक भेद निघतो, आणि माझ्या मते साऱ्या प्रश्नाची किल्ली त्यात आहे. ऐकणाऱ्याला गुप्ततेचा हक्क आहे. बोलणाऱ्याला तो नाही.

मोबाइलने ही वाटणी नेमकी उलटी केली आहे. बोलणारा टोपणनावाआड सुरक्षित असतो. ऐकणाऱ्याने काय पाहिले, किती वेळ पाहिले, कोठे थांबला, याची मात्र नोंद होत जाते आणि तिच्या आधारे त्याला आणखी तसेच दाखविले जाते. वय, गाव, आवड निवडून जाहिरात पोहोचविण्याची सोय तर कोणालाही विकत मिळते. म्हणजे दुःखी माणसाला त्याच्या दुःखावरून हेरून गाठणे आता शक्य झाले आहे. हे मी वाशीमच्या संदर्भात मुद्दाम सांगतो. शेतकरी-आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी साहाय्ययोजना जाहीर केली, त्यांत हा जिल्हा होता. कर्जाने खचलेल्या घरातील विधवेपर्यंत ‘तुझे संकट आजच टळेल’ असा निरोप पोहोचविणे याला काय म्हणावे? प्रभूने कुष्ठरोग्याला बरे केले आणि कोणाला सांगू नकोस, अशी ताकीद दिली. आपण आधी सांगतो, आणि बरे करण्याचे देवावर सोपवितो!

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या धर्मस्वातंत्र्यविषयक जाहीरनाम्यात याबाबत संदिग्धता ठेवलेली नाही. श्रद्धेचा प्रसार करताना जबरदस्तीचा वा अप्रामाणिक मनधरणीचा वाससुद्धा येता कामा नये, आणि समोरची माणसे गरीब किंवा अशिक्षित असतील तर याची विशेष काळजी घ्यावी, असा त्याचा आशय आहे. तेव्हा मोबाइल नव्हता. तरी शब्द आजच्यासाठीच लिहिले असावेत असे वाटते.

यावर कोणी म्हणेल, अनोळखी माणसाच्या हातूनही देव काम करतोच की. खरे आहे. नारायण वामन टिळकांना १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. तो सहप्रवासी टिळकांना अनोळखी होता. पर्वतावरील प्रवचनाने टिळकांच्या मनाची पकड घेतली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळक आपल्या कॅथॉलिक सभेचे नव्हते, पण मराठी ख्रिस्ती म्हणविणाऱ्या प्रत्येकावर त्यांचे ऋण आहे. हे उदाहरण माझ्या म्हणण्याच्या विरोधात जाते काय? थोडेसे जाते. पण तो सहप्रवासी समोरासमोर बसला होता, त्याने हातात दिले ते आपले मत नव्हे, तर मूळ पुस्तक. आणि मग तो बाजूला झाला. पुढची जवळजवळ दोन वर्षे टिळकांची स्वतःची होती.

मात्र या कथेची दुसरी बाजू आपण फार क्वचित सांगतो. ती लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त आहे. पतीच्या बाप्तिस्म्याची वार्ता त्यांच्यावर कोसळली, काही वर्षे दोघांची ताटातूट झाली, आणि १९०० साली त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या त्या आपल्या पायांनी, आपल्या विचाराने. आगगाडीत पुस्तक दिले गेले एकाला. त्याची किंमत भरली घराने. मंगरूळपीरच्या एखाद्या तरुणाच्या कानात आपण इअरफोनमधून बोलतो, तेव्हा आपल्याला तो एकटा वाटतो. तो एकटा नसतो. त्याची आई दुसऱ्या खोलीत असते, भावकी शेजारी असते, पोहरादेवीच्या यात्रेला निघायचा दिवस ठरलेला असतो. म्हणून मी स्वतःपुरती एक कसोटी लावतो: जे त्या आईच्या देखत बोलता येणार नाही, ते मुलाच्या कानात बोलू नये. तिच्या देवाला खोटा ठरविल्याशिवाय जर आपल्याला येशू सांगताच येत नसेल, तर आपल्याला येशू कितपत कळला आहे?

आता भीतीविषयी. नाव देऊन बोलायचे म्हटले की आजच्या काळात लहान समाजाला धास्ती वाटते, आणि ती निराधार नाही. तिला उत्तर म्हणून शौर्याची भाषणे मी करणार नाही. गप्प राहणे हे पाप नव्हे. आरोग्यकेंद्रात वर्षानुवर्षे मलमपट्टी करणारी एखादी धर्मभगिनी विचारल्याशिवाय चकार शब्द काढीत नाही, आणि तिची सुवार्ता अपुरी आहे असे म्हणण्याचे धाडस कोण करील? पण मौन निराळे आणि मुखवटा निराळा. संत पेत्राने आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला सौम्यतेने व आदराने उत्तर देण्यास सिद्ध राहा म्हटले, त्यात आधी कोणीतरी विचारणे गृहीत धरलेले आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली रायपूरचे फादर स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात निकाल दिला, की घटनेच्या पंचविसाव्या कलमातील प्रचाराचा हक्क म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगण्याचा हक्क. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा नव्हे. कायदेपंडितांनी या निकालावर टीका केली आहे आणि तिच्यात तथ्य आहे. पण धर्मशास्त्राच्या बाजूने पाहिले तर परिवर्तन आपण करीत नाही, ते कृपेचे काम आहे, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गापासून शिकत आलो नाही काय?

राहिला व्यवहार. ‘ख्रिस्तसभा आणि इंटरनेट’ या २००२ सालच्या व्हॅटिकनच्या दस्तऐवजाने म्हटले आहे, की इंटरनेटवर संस्कार होत नाहीत; तेथून माणसाला प्रत्यक्ष समाजापर्यंत आणावे लागते. वाशीमच्या माणसाला कोणत्या समाजापर्यंत आणणार? जवळचे चर्च कित्येक कोस दूर, धर्मगुरू एक आणि गावे असंख्य. म्हणून चित्रफिती वाढविण्याआधी उत्तर देणारी माणसे तयार करावीत: वऱ्हाडी कानाला ओळखीची मराठी बोलणारी, गोरमाटीत दोन वाक्ये तरी समजणारी, आणि ‘हे मला ठाऊक नाही’ असे म्हणण्याची लाज न वाटणारी. रात्री अकराला आलेल्या प्रश्नाला सकाळी उत्तर गेले तरी चालेल. विचारणाऱ्याचे नाव विचारू नये, आणि उत्तराखाली आपले नाव व गाव लिहावे.