जरा गाठ दाखव बघू!

‘विश्वास पानिपतात गेला’ हे वाक्य मराठी माणूस मुख्यतः उसने पैसे न देण्यासाठी वापरतो. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासराव पेशवे पानिपतावर धारातीर्थी पडले, आणि त्या पराक्रमाचा उपयोग आम्ही आजतागायत पाचशे रुपये मागायला आलेल्या शेजाऱ्याला वाटेला लावण्याकरिता करतो!

पण मागणाराही काही कच्च्या गुरूचा चेला नसतो. त्याच्या भात्यात ब्रह्मास्त्र असते : “म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही?” या प्रश्नापुढे भलेभले गारद होतात आणि जामीनपत्रावर न वाचता सही ठोकून मोकळे होतात. बँकेत माझी वीस वर्षे गेली. असे जामीनदार सही करताना हसतात आणि नोटीस आल्यावर आम्हालाच विचारतात, “हो का? मी जामीन होतो?”

तेव्हा प्रश्न असा, की ज्याच्यावर आपला विश्वास आहे त्याला तपासावे की नाही? तपासले तर तो विश्वास कसला? आणि न तपासले तर शहाणपण कसले? या कोड्याचे उत्तर मला कुठल्या पोथीत नाही, आमच्या भाचेरावांकडे मिळाले. वय वर्षे वीस, धंदा कॉलेज, छंद कडे चढणे.

एका रविवारी त्यांच्याबरोबर मी मुंब्र्याच्या कातळापर्यंत गेलो होतो. (चढायला नव्हे. डबे सांभाळायला!) भाचेराव चढणार आणि त्यांचा बालमित्र खाली उभा राहून दोर सांभाळणार. या दोर सांभाळणाऱ्याला ते लोक ‘बिलेअर’ म्हणतात. वरचा घसरला की दोर अडवून त्याला धरायचे, हे त्याचे काम. म्हणजे जामीनदारच की! फरक एवढाच, की आमचा जामीनदार नोटीस येईपर्यंत खुशाल झोपू शकतो. याने डुलकी काढली तर नोटीस घ्यायलाही कुणी उरत नाही.

चढण्यापूर्वी त्या मित्राने भाचेरावांच्या कमरेचा हार्नेस धरून खसकन ओढला. मग दोराची आठच्या आकड्यासारखी गाठ हातात घेऊन तिचे पदर बोटाने मोजले. भाचेरावांनीही त्याच्या कमरेची कडी दाबून तिचे लॉक बंद आहे ना, ते पाहिले. मला राहवेना. म्हटलं, “अरे, बालवाडीपासूनची दोस्ती तुमची, आणि झडती कसली घेता?”

“मामा, दोस्ती त्याच्याशी आहे. गाठीशी नाही,” भाचेराव म्हणाले.

आणि त्यांनी लिन हिल या अमेरिकन बाईंची हकीकत सांगितली. चढाईतले जगातले मोठे नाव. १९८९ साली फ्रान्समधल्या ब्यू येथे त्या नेहमीसारख्या चढल्या आणि वर पोहोचून दोरावर भार टाकला. गाठ अर्धवट राहिली होती! बाई वीस मीटरहून अधिक खाली आल्या आणि झाडात पडल्या म्हणून वाचल्या. पुढे १९९३ मध्ये त्याच बाईंनी कॅलिफोर्नियातल्या एल कॅपिटान या कड्याची ‘द नोज’ ही वाट दोराचा आधार न ओढता, केवळ हातापायांच्या बळावर चढून दाखवली. तोवर हे कुणालाच जमले नव्हते. म्हणजे गाठ विसरायला माणूस अडाणी असावा लागत नाही. सराईत हातच अधिक विसरतात, कारण त्यांना वाटते, हे काय, झालंच!

खरे म्हणजे तपासण्याचा राग माणसालाच येतो. आमच्या सह्याद्रीचा बेसॉल्ट दिसायला बुलंद, पण पकडलेला दगड कधी हातात येईल याचा नेम नाही. म्हणून ही मुले भार टाकण्यापूर्वी दगड थापटतात, आपण कलिंगड थापटतो तसा. पोकळ वाजला की हात मागे. दोरावरून उतरताना दोराच्या टोकालाही गाठ मारून ठेवतात, न जाणो दोर तोकडा पडला तर माणूस टोकावरून निसटायला नको. हेल्मेट वरचा घालतो तसा खालचाही घालतो, कारण दगडाला माणूस ओळखता येत नाही. या सगळ्यात कडा एकदाही म्हणत नाही, “माझ्यावर विश्वास नाही?”

आता तुम्ही म्हणाल, अहो, मग तुमच्या बँकेतही तपासणी असतेच की! असते ना. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने ती तपासून मंजूर करायची. पण पहिला म्हणतो, “तो बघेलच.” दुसरा म्हणतो, “त्याने बघितलंच असेल.” आणि या दोन सज्जनांच्या परस्परविश्वासामधून एखादे शून्य अलगद निघून जाते. म्हणूनच ती मुले नुसते ‘ओके’ म्हणत नाहीत. हात लावून बघतात, मोठ्याने बोलतात, आणि दिवसातल्या दहाव्या चढाईलाही पहिलीसारखेच बघतात.

आणखी एक गोष्ट मी डब्यांशेजारी बसून पाहिली. त्या घोळक्यात पन्नाशीचे एक मुरलेले गिर्यारोहक होते. त्यांची गाठ महिन्यापूर्वी शिकायला लागलेल्या एका पोरीने तपासली आणि म्हणाली, “काका, शेपूट आखूड आहे.” काकांनी मुकाट्याने गाठ सोडली, पुन्हा बांधली आणि म्हणाले, “थँक्यू.” माझ्या मते सगळी मेख इथे आहे. शिपायाची पिशवी साहेबाने उघडून बघितली तर तो पहारा. साहेबाची गाठ शिपायाने तपासली आणि साहेब “थँक्यू” म्हणाले, तर तो विश्वास. माझा मित्र चुकणारच नाही, ही झाली भक्ती. तो चुकू शकतो, मीही चुकू शकतो, आणि दोघेही एकमेकांना सांगू शकतो, या भरवशावरच माणूस जमिनीवरून पाय उचलतो.

यापुढे कुणी जामिनाचा कागद पुढे करून ब्रह्मास्त्र सोडले, तर विश्वासरावांना कशाला त्रास द्यायचा? सरळ म्हणावे, “विश्वास आहे म्हणून तर आलोय. आता जरा गाठ दाखव बघू.” खरा मित्र असेल तर कागद वाचू देईल. रागावला, तर दोर त्याच्या हाती देण्याजोगा नव्हता, हे जमिनीवर असतानाच कळले म्हणायचे.

आमच्या घरी कुलूप मी लावतो आणि ओढून सौ. बघते. अठरा वर्षांच्या संसारात मी तिला एकदाही “विश्वास नाही का?” असे विचारलेले नाही. एक तर वरील तत्त्वज्ञान. आणि दुसरे म्हणजे, दोर तिच्या हातात आहे!