सर्वांस सारखे वागविणे हाच न्याय होय काय?

ज्यांनी गावच्या शाळेत मुलांस शिकविले आहे, त्यांच्या तोंडून एक वाक्य वारंवार ऐकू येते : "माझ्या वर्गात सर्व मुले मला सारखी." हे वाक्य ते अभिमानाने बोलतात, आणि तो अभिमान खोटा नव्हे. पाटलाचा मुलगा व मजुराचा मुलगा एकाच बसकरावर बसावेत, दोघांस एकाच मापाने मोजावे, ह्यासाठी आपल्या देशात पुष्कळांनी झीज सोसली आहे. म्हणून ह्या वाक्याविरुद्ध काही लिहिण्यास लेखणी कचरते. तथापि वर्गात कधी एखादे मूल असे येते की, त्याच्या बाबतीत हेच चांगले वाक्य अन्यायास कारण होते.

तिसऱ्या इयत्तेचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. गुरुजी विचारतात, "काय रे, पुस्तक उघडता येते ना?" सर्व मुले पुस्तके उघडतात. एक मुलगा मात्र "येते" असे उत्तर देतो, आणि पुस्तक मिटलेलेच ठेवून बसतो. मुले हसतात. हा थट्टा करतो, असे गुरुजींस वाटते. थोड्या वेळाने तो कवडशाकडे पाहत अंग पुढेमागे हालवू लागतो. "माझ्याकडे बघ" म्हटले तरी बघत नाही. शेवटी गुरुजी संतापून म्हणतात, "जायचे असेल तर जा, दार उघडेच आहे!" आणि तो मुलगा शांतपणे उठून घरी जातो.

आता येथे अपराध कोणाचा? गुरुजी म्हणतील, असा उद्धट मुलगा पाहिला नाही. परंतु नीट पाहिले तर त्या वर्गात गुरुजींचा शब्द जसा उच्चारला तसा खरा मानणारा तो एकटाच होता. प्रश्न विचारला, त्याने उत्तर दिले; जाण्याची मोकळीक मिळाली, तो गेला. गुरुजी बोलतात एक आणि त्यांच्या मनात असते दुसरे, हे बाकीच्या मुलांनी न शिकविता ओळखले होते. ह्यास आपण समज म्हणतो, आणि ती ज्यास नाही त्यास शिक्षा करतो. शब्दावर विश्वास ठेवला म्हणून शिक्षा व्हावी, हे आम्हांस तरी विचित्र वाटते.

ह्या वृत्तीस ऑटिझम असे नाव आहे; मराठीत स्वमग्नता म्हणतात. मॉस्कोतील डॉक्टर ग्रून्या सुखारेवा ह्या बाईंनी १९२६ साली जर्मन भाषेत अशा मुलांविषयी लेख लिहिला होता, पण त्याजकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पुढे १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथील डॉक्टर लिओ कॅनर ह्यांनी अशा अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि पुढच्याच वर्षी व्हिएन्नातील हान्स अ‍ॅस्पर्गर ह्यांनीही केले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'स्वतः' असा आहे, आणि त्यावरूनच आपला मराठी शब्द बनला. आम्हांस तो फारसा आवडत नाही. ऐकणारास वाटते की, हे मूल आपल्यातच गुंग आहे, त्यास दुसऱ्याची पर्वा नाही. पुष्कळदा गोष्ट नेमकी उलट असते : बाहेरचा आवाज, उजेड, स्पर्श, वास हे सारे त्याच्यावर इतके एकदम कोसळते की, ते कोठेतरी आडोसा शोधते.

नावापेक्षा मोठी चूक दोष देण्यात झाली. आईच्या कोरडेपणामुळे मूल असे होते, असे कित्येक विद्वानांनी वर्षानुवर्षे सांगितले. ब्रूनो बेटलहाइम ह्यांनी १९६७ साली ह्या मतावर एक मोठा ग्रंथच लिहिला. किती मातांनी ह्या आरोपाखाली रात्री जागून काढल्या असतील! पुढे १९७७ साली फोल्स्टाइन व रटर ह्यांनी जुळ्या भावंडांचा अभ्यास करून आनुवंशिकतेचा वाटा दाखविला, आणि ही मेंदूच्या घडणीतील भिन्नता आहे, संगोपनातील पाप नव्हे, हे आता सर्वमान्य आहे. तरी आपल्या गावांतून "आईने लाडावले", "बाहेरचे काही लागले", असे अजून म्हणतातच. शिक्षकाच्या तोंडी तरी हे शब्द येऊ नयेत.

परंतु मूळ प्रश्नाकडे वळू. शिक्षक म्हणतात : "ह्या एकास पाढे म्हणताना बाहेर जाऊ दिले, बघ म्हटल्यावर बघितले नाही तरी चालवून घेतले, तर बाकीच्यांनी काय पाप केले?" हा आक्षेप क्षुद्र नाही. मुले न्यायाच्या बाबतीत फार तिखट असतात. तथापि त्याच वर्गात एक मुलगी चष्मा लावून बसते, आणि तिचा चष्मा पाहून "मलाही पाहिजे" असे कोणी रडत नाही. फळा सर्वांस दिसावा, ही समता. त्यासाठी एकीस काच लागते व दुसऱ्यास लागत नाही. अडचण एवढीच की, स्वमग्न मुलाची उणीव डोळ्यांस दिसत नाही, म्हणून त्याची सोय आपणांस लाड वाटते.

कायद्याने ह्याचा निकाल लाविला आहे. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात ऑटिझमचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देणे हे शाळेचे कर्तव्यच ठरविले. मुलास मारणे व त्याचा मानसिक छळ करणे तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेच बंद केले आहे. पण ज्या गुरुजींकडे एका खोलीत दोन इयत्ता आहेत, त्यांस कलमे वाचून दाखविणे सोपे आहे. त्यांस हवे आहे ते हे की, उद्या सकाळी काय करावे.

सुदैवाने पुष्कळशी सोय पैशावाचून होते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉप्लर ह्यांनी १९७२ पासून जी पद्धत चालविली, तिचे मर्म असे की, जे सांगावयाचे ते डोळ्यांस दिसेल असे मांडावे, आणि आईबापांस सोबती करावे. दिवसभराचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावावा : प्रार्थना, गणित, खिचडी, खेळ, घर. क्रम बदलावयाचा असेल तर आधी सांगावे. एका वेळी एकच गोष्ट, सरळ शब्दांत सांगावी : "पुस्तक उघड." उत्तरासाठी मनात दहापर्यंत अंक मोजावे. पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळू लागला की ते मूल कान झाकून घेईल; त्यास ओट्यावर अथवा दुसऱ्या खोलीत जाऊ द्यावे. एस.टी.च्या वेळापत्रकाचेच त्यास वेड असेल, तर बेरीज-वजाबाकी त्यावरूनच शिकवावी. आणि नजरेस नजर भिडविण्याचा आग्रह सोडावा. मोठे झालेले कित्येक स्वमग्न लोक सांगतात की, बोलणाराकडे न पाहताच आम्हांस नीट ऐकू येते.

इंग्लंडातील डेमियन मिल्टन हे समाजशास्त्रज्ञ स्वतः ह्याच वृत्तीचे आहेत. त्यांनी २०१२ साली असे मांडले की, स्वमग्न माणसास इतरांचे मन कळत नाही एवढेच अर्धे सत्य आहे. इतरांसही त्याचे मन कळत नाही. मग समजून घेण्याचे सारे ओझे आठ वर्षांच्या मुलानेच का वाहावे?

तथापि एक गोष्ट लपवून ठेवणे बरे नव्हे. असे मूल कधी भयाने किंचाळते, हातपाय झाडते, शेजारच्या मुलास लागते. त्या शेजाऱ्याचाही हक्क आहे, आणि त्याच्या आईची तक्रार खोटी नाही. तेथे शिक्षकास मध्ये उभे राहावेच लागते. शिक्षेने ते भय वाढते एवढे मात्र अनुभवी लोक एकमुखाने सांगतात. किंचाळण्याच्या आधी काय घडले, घंटा झाली, जागा बदलली, कोणी मागून स्पर्श केला, हे आठ दिवस वहीत टिपून ठेविले तर बहुधा कारण सापडते.

आणि जे मूल किंचाळत नाही, त्याची आठवण कोणास राहावी? विशेषतः मुली. त्या इतरांकडे बघून हसण्याच्या जागी हसतात, मान डोलवितात, आणि दिवसभर हे सोंग वठवून संध्याकाळी घरी गेल्यावर उंबऱ्यातच कोसळून रडतात. अशा मुलीची आई शाळेत येऊन सांगू लागली, तर "आमच्याकडे तर ती फार गुणी आहे" असे म्हणून गुरुजींनी तिला परत पाठवू नये. बसावयास सांगावे, व तिचे सगळे ऐकून घ्यावे.