निवळी पुन्हा निवळते तेव्हा

एस्प्लनेडला कोलकात्यातले लोक आजही धर्मतला म्हणतात. तिथल्या एका पानवाल्याकडे मी पान न घेता नुसता चुना मागितला. त्याने कागदावर थोडा काढून पुडी बांधून दिली, पैसे घेतले नाहीत. उतरलो होतो त्या खोलीत बाटलीभर पाण्यात तो ढवळून ठेवला आणि सकाळी वर नितळ निवळी आली. शिक्षकांच्या विज्ञान प्रशिक्षणात मी बरीच वर्षं वावरतोय. जाईन तिथे निवळी करून पाहायची सवय मला एका बाईंमुळे लागली.

तालुक्याच्या गावी वर्ग होता, जिल्हा परिषदेच्या शाळांतले चाळीस शिक्षक. निवळी सगळ्यांना पुरावी म्हणून एका बाटलीत मीच पाणी घालून ती वाढवली होती. नळीने फुंकायचं, निवळी दुधाळ होते, म्हणजे उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो. हे वाक्य सगळ्यांना तोंडपाठ. सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई मात्र फुंकतच राहिल्या. निवळी दुधाळ झाली आणि थोड्या वेळाने पुन्हा पाण्यासारखी स्वच्छ दिसू लागली. बाईंनी आजूबाजूला पाहिलं आणि परीक्षानळी पटकन मोरीत रिकामी केली. मी जवळ गेलो तर म्हणाल्या, ‘‘सर, माझा चुकला.’’

बावीस वर्षं नोकरी झालेली बाई शाळकरी मुलीसारखी घाबरली होती. आणि तिचा प्रयोग तर पाठ्यपुस्तकाच्या एक पायरी पुढे गेला होता! आधी तयार होतं ते कॅल्शियम कार्बोनेट. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून दुधाळ दिसतं. आणखी कार्बन डायऑक्साइड मिळाला की त्याचं बायकार्बोनेट होतं आणि ते विरघळतं. चुनखडीच्या डोंगरात गुहा कोरल्या जातात त्या याच क्रियेने.

मी हे लगेच सांगून टाकलं नाही. सगळ्यांना म्हटलं, फुंकत राहा. तर भलतंच झालं. बाईंची निवळी मी पाणी घातलेल्या बाटलीतली होती, शेजारच्या गटाकडे पाणी न घातलेली दाट निवळी होती. गाल दुखेपर्यंत फुंकूनही ती स्वच्छ होईना. दोघांचीही निवळी चुन्याचीच, मग हे काय? उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड शेकडा चारच्या आसपास. तेवढ्याने पातळ निवळीतलं थोडं कार्बोनेट विरघळतं, दाट निवळीतलं सगळं विरघळत नाही. हे कळायला दुपार गेली. निवळीत किती पाणी घातलं याची शिक्षकांनी नोंद ठेवली, वाद घातला, एकमेकांच्या नळ्या उजेडात धरून पाहिल्या. त्या दिवसाच्या वेळापत्रकातले उरलेले दोन विषय राहून गेले. त्याची मला आजही खंत नाही.

आपल्याकडे सहावी ते आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या कितीतरी शिक्षकांनी स्वतःच्या दहावीनंतर परीक्षानळी हातात धरलेली नसते. नेमणूक झाली, विषय वाट्याला आला, शिकवू लागले. प्रयोग चुकला तर मुलांपुढे काय सांगायचं, या धास्तीने साहित्याचं कपाट कुलूपबंद राहतं. ही भीती व्याख्यानांनी जात नाही. उलट नामवंत तज्ज्ञ दोन तास बोलून गेले की आपल्याला काहीच येत नाही, ही जाणीव आणखी घट्ट होते. सोबतीच्या माणसांत आपला प्रयोग बिघडला, कोणी हसलं नाही आणि बिघाडाचं कारण आपणच शोधून काढलं, असं एकदा तरी शिक्षकाच्या वाट्याला यायला हवं.

कोलकात्यात निवळी आली त्या सकाळी मी चालत टाउन हॉलपर्यंत गेलो. एस्प्लनेड रो वेस्टवरच्या याच पांढऱ्या खांबांच्या इमारतीत 1895 च्या सुमारास जगदीशचंद्र बोस यांनी विद्युतचुंबकीय लहरींनी दूरवरची घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. पाठ्यपुस्तकांत ते शास्त्रज्ञ म्हणून येतात, पण पोटापाण्याला ते शिक्षक होते. 1885 पासून प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवत. धड प्रयोगशाळा नव्हती, तेव्हा पत्र्याचं काम करणाऱ्या स्थानिक कारागिराला हाताशी धरून त्यांनी उपकरणं घडवली. सेंट झेवियर्समध्ये त्यांना फादर लाफों यांनी शिकवलं होतं आणि लाफों प्रयोग करून दाखवण्यासाठी शहरभर प्रसिद्ध होते. धीट शिक्षक घडायला आधी धीट शिक्षक पाहावा लागतो, असं मला त्या पायऱ्यांवर वाटलं.

सर्वांना असे लाफों कुठून मिळणार? त्याचं आपल्या देशातलं उत्तर मला मध्य प्रदेशातल्या तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात दिसतं. किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी 1972 साली तिथल्या सोळा उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचं काम सुरू केलं. 1978 मध्ये ते जिल्हाभर गेलं, पुढे एकलव्य संस्थेने सांभाळलं. उन्हाळ्यात शिक्षक स्वतः प्रयोग करत, विद्यापीठांतले शास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर बसत. मला सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची मासिक गोष्ठी. महिन्याभरात वर्गात काय अडलं, कोणत्या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही, हे शिक्षक एकमेकांना तिथे सांगत. 2002 मध्ये राज्य सरकारने कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांत रुजलेलं असं उपटलं गेलं, याचं दुःख मला अजून आहे.

2020 च्या शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास स्वतःच्या वाढीसाठी द्यावेत, असं म्हटलं आहे. तास मोजून घ्या, हरकत नाही. पण ते पडद्यापुढे बसून प्रमाणपत्र मिळवण्यात जाऊ नयेत. महिन्याला एक दुपार केंद्रातल्या आठ-दहा शाळांच्या शिक्षकांनी एका खोलीत भेटावं आणि आपापला बिघडलेला प्रयोग बरोबर आणावा. खर्च फार नाही. चुना, काडेपेटी, विजेरीचे सेल, छोटे बल्ब. मात्र ती दुपार दुसऱ्या कोणत्याही सरकारी कामाला द्यायची नाही, एवढी हमी वरिष्ठांनी द्यायला हवी.

टाउन हॉलहून परतताना फोनवर त्याच बाईंचा निरोप आला. आम्ही आता अधूनमधून बोलतो. शाळेतल्या चहाच्या किटलीचा फोटो होता, आत पांढरी खपली. खाली लिहिलं होतं : ‘‘सर, बोअरचं पाणी उकळून हे बसलंय. मुलांनी खरवडून त्यावर लिंबू पिळलं तर बुडबुडे आले. आता तो वायू निवळीत सोडायचाय, पण नळी कशी जोडायची ते जमत नाहीये. सलाइनची चालेल का?’’