मुलांच्या हाती काय द्यावं?

दिवाळी आठवड्यावर आली की मावशी, आत्या, मामा, काका सगळे एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात: पोरांना काय न्यायचं? कपडे आईबाबा घेतात, फराळ घरोघरी असतोच, म्हणून पावलं खेळण्यांच्या दुकानाकडे वळतात. तिथे वयानुसार मांडलेली खोकी असतात, खोक्यांवर मुलाची बुद्धी वाढवण्याचं आश्वासन असतं आणि दहा मिनिटांत प्रश्न सुटतो. भाऊबीजेच्या रात्रीपर्यंत घरात अशा खोक्यांची रास लागते. तुळशीचं लग्न लागेपर्यंत त्यांतली बरीचशी पलंगाखाली गेलेली असतात. यात कुणाच्याही प्रेमात खोट नाही. तरीही इतक्या वस्तू येतात आणि मुलाच्या वाट्याला त्यांतून इतकं थोडं येतं, असं का होतं याचा आपण नीट विचार करायला हवा.

पहिलं कारण कुटुंबाच्या गणितात आहे. २०१९ ते २१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात दर स्त्रीमागे सरासरी १.७ मुलं आहेत. आपल्या आजोबांच्या पिढीत एका मामाला डझनभर भाचरं असत. तो प्रत्येकाच्या हातावर नाणं ठेवी, फार तर सगळ्यांत मिळून एक चेंडू आणी. आता चित्र उलटं झालं आहे. दोन्हीकडचे आजी-आजोबा, मामा-मामी, आत्या, काका, आईबाबांचे मित्र अशी आठ-दहा मोठी माणसं एका मुलाभोवती उभी असतात. प्रत्येकाने आणलेली एक भेट योग्यच असते. त्या सगळ्यांची बेरीज मात्र मुलाला झेपत नाही.

ती का झेपत नाही, यावर अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना त्यांनी एकदा ४ खेळणी असलेल्या खोलीत आणि एकदा १६ खेळणी असलेल्या खोलीत खेळू दिलं. चारच खेळणी होती तेव्हा मुलं एकेका खेळण्यापाशी जास्त वेळ रमली आणि त्याच्याशी अधिक निरनिराळ्या तऱ्हांनी खेळली. सोळा होती तेव्हा ती एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहिली. पुष्कळ खेळणी असलेलं मूल पुष्कळ खेळतं, हा आपला समज इथे टिकत नाही.

मग खेळणं नको, तर काय? याचं हल्ली सर्रास दिलं जाणारं उत्तर म्हणजे ‘वस्तू नको, अनुभव द्या’. व्हॅन बोव्हेन आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये दाखवून दिलं होतं की, वस्तूंवर केलेल्या खर्चापेक्षा अनुभवांवर केलेल्या खर्चातून माणसांना जास्त समाधान मिळतं. पण ती माणसं मोठी होती. लॅन चॅपलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये तीन ते सतरा वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा वेगळंच दिसलं. लहान मुलांना वस्तूंतून अधिक आनंद मिळत होता. वय वाढत गेलं तसा अनुभवांतला आनंद वाढत गेला आणि किशोरवयात तो वरचढ ठरला. याची दोन कारणं संशोधकांना सापडली. झालेल्या गोष्टी आठवून पुन्हा जगायला जी स्मरणशक्ती लागते ती लहान वयात अजून पक्की झालेली नसते. आणि आपल्यासाठी कुणीतरी काहीतरी केलं, आपल्याबरोबर दुसऱ्यालाही आनंद झाला, हे समजायला दुसऱ्याच्या मनात डोकावता यावं लागतं, तेही हळूहळूच जमतं.

म्हणून चार वर्षांच्या मुलीला ‘नाताळच्या सुट्टीत तुला राणीच्या बागेत नेईन’ असं सांगितलं, तर तिच्या लेखी ती भेट होत नाही. तिला आज हातात धरता येईल असं काहीतरी हवं असतं. हे तिचं वय आहे, त्याला हावरटपणा म्हणू नये. मात्र हातात धरायची वस्तू खेळणंच असली पाहिजे, असं कुठे आहे?

माझ्या मते खरा मुद्दा इथून सुरू होतो. बरीचशी खेळणी आपण मूल गुंतून राहावं म्हणून आणतो, म्हणजे आपल्याला आपलं काम करता येतं. मुलाला नेमकं त्याच कामात शिरायचं असतं. नवंकोरं खेळणं बाजूला टाकून मूल लाटणं मागतं, चाव्यांचा जुडगा ओढतं, केरसुणी घेऊन धावतं, हे प्रत्येक घराने पाहिलेलं आहे. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. तिथे उत्तम खेळणी ठेवलेली असूनही मुलं ती उचलत नसत, हे पाहून आपण चकित झालो, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. मुलांना हवं होतं ते खरं काम: पाणी ओतणं, पुसणं, बटणं लावणं, वस्तू जागच्या जागी ठेवणं. त्यासाठी त्यांच्या हाताला पेलतील अशा खऱ्या वस्तू माँटेसरींनी त्यांना दिल्या.

आपल्याकडे ताराबाई मोडकांनी हा विचार आणखी पुढे नेला. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केल्यावर त्यांनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केलं आणि १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. माँटेसरींची महागडी साधनं खेड्यात परवडणार नव्हती. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, गारगोट्या, बिया, पानं, माती यांतून बालशिक्षण उभं केलं आणि वस्तीच्या अंगणातच वर्ग भरवले. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी हेच काम चाललं. गुरं राखणाऱ्या मुलांना गुरं सोडून येता येईना, तेव्हा शाळाच कुरणात गेली. मुलाचं मन ज्यात रमतं ते त्याच्या आसपासच्या जगण्यात असतं, ही त्या कामाची शिकवण आहे. भेट निवडतानाही ती उपयोगी पडते.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, मुलाला खरं पण लहान असं साधन द्या. भातुकलीतलं पोळपाट मांडून ठेवण्यासाठी असतं. त्याऐवजी मुलाच्या हाताला बसेल असं खरोखरचं पोळपाट-लाटणं घ्या, ज्यावर लाटलेली पुरी कढईत जाईल आणि ताटात येईल. चार वर्षांच्या मुलाला करंजीची कड कातण्याने कापता येते, शंकरपाळे पाडता येतात. शंकरपाळी वाकडीतिकडी झाली तरी ती त्याने पाडलेली असते. छोटी झारी, बोथट खुरपं, टॉर्च, मोजपट्टीचा टेप, थोड्या मोठ्या मुलाला भिंग, या वस्तू महाग नाहीत आणि दोन दिवसांत जुन्याही होत नाहीत. साधनाबरोबर कामही द्या. झारी देताना तुळशीचं रोप द्या आणि ‘हिला रोज तू पाणी घालायचंस’ असं सांगा. कार्तिकी एकादशीनंतर तुळशीचं लग्न लागतं, तेव्हा पोराने जपलेली तुळस सजते. घरातल्या एका विधीत त्याचा स्वतःचा वाटा असतो. तीन वर्षांखालच्या मुलाला गिळता येईल अशी बारीक वस्तू किंवा बटणासारखी बॅटरी असलेली कोणतीही वस्तू मात्र देऊ नये.

दुसरी सूचना दिवाळीतच दडलेली आहे. मुलांबरोबर मातीचा किल्ला करा. त्यासाठी लागतं काय? माती, दगडविटा, एखादं पोतं, गेरू आणि मूठभर हळीव. यातलं काहीही खोक्यात येत नाही, तरी या किल्ल्याइतकं मुलांना गुंतवणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. हळीव दोन-तीन दिवसांत कोंब धरतात, म्हणून ते कधी पेरायचे याचा हिशेब करावा लागतो. पाणी जास्त झालं तर बुरूज खचतो. कोण तट बांधणार, कोण पायऱ्या कोरणार यावर भांडण होतं आणि मिटतं. शहरातल्या मुलांना माती मिळवणं हीच मोठी अडचण असते. तेव्हा मामाने वसुबारसेच्या आधीच दोन पोती माती आणि हळिवाची पुडी घेऊन यावं, बाह्या सरसावून पोरांबरोबर सोसायटीच्या कोपऱ्यात बसावं. कामट्या, पतंगी कागद आणि खळ घेऊन आलेली आत्या भाच्यांबरोबर आकाशकंदील करू शकते. तो कंदील दारात लागला की येणाऱ्या-जाणाऱ्याला मुलं आपण होऊन सांगतात, हा आम्ही केला.

पुस्तक ही तिसरी भेट. तिच्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण पुस्तक देणारे पुष्कळ असतात आणि ते वाचून दाखवणारे थोडे. मराठीत लहान मुलांसाठी काही नाही, ही तक्रार आता खरी नाही. माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तकं घरातल्या साध्यासुध्या प्रसंगांतून मुलांशी बरोबरीने बोलतात. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयाची आणि प्रथम बुक्सची पुस्तकं अगदी थोड्या पैशांत मिळतात. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. मुलाच्या नावाने मासिकाची वर्गणी भरली, तर दर महिन्याला टपालाने त्याच्या नावाचं पाकीट येतं आणि दिवाळीची भेट वर्षभर चालते.

पण सहा वर्षांखालच्या मुलासाठी पुस्तक एकट्याने पुरं होत नाही. त्याला कुणाचा तरी आवाज लागतो. देणाऱ्याने पुस्तक दिलं त्याच दिवशी मुलाला मांडीवर घेऊन ते पहिल्यांदा वाचून दाखवावं, मग पुढे ते पुस्तक त्या माणसाचं म्हणून ओळखलं जातं. ज्यांची नातवंडं सॅन होजे, लंडन किंवा दुबईला आहेत, त्यांनी एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घ्याव्यात. एक तिकडे पाठवावी, एक आपल्याजवळ ठेवावी. व्हिडिओ कॉलवर ‘जेवलास का, अभ्यास केलास का’ यापुढे बोलणं सरकत नाही, असं अनेक आजी-आजोबा खंतावून सांगतात. दोघांच्याही हातात एकच पान उघडं असलं की बोलायला विषय मिळतो, आणि एरवी परक्या देशात ज्या मराठी शब्दांची गाठ पडणार नाही ते शब्द मुलाच्या कानावर पडतात.

अनुभवाची भेटही लहान मुलाला देता येते, फक्त ती हाताला लागेल अशी करावी लागते. मुंबईत भायखळ्याची राणीची बाग आहे, वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र आहे. पुण्यात पेशवे पार्कातल्या फुलराणीत तर काही मुलांचे आजोबाही लहानपणी बसलेले असतात. सुधा करमरकर आणि रत्नाकर मतकरी यांनी साठ वर्षांपूर्वी रुजवलेल्या बालरंगभूमीवर सुट्टीत आजही नाटकं लागतात. गावाकडे असाल तर एसटीचा प्रवासही पुरेसा आहे. पाच वर्षांखाली तिकीट नाही आणि पुढे बारापर्यंत अर्धं. दिवस मात्र लांबचा ठरवू नका, दोन-चार दिवसांतला असू द्या. हाताने चित्र काढलेलं तिकीट करून भाऊबीजेला ओवाळणीच्या ताटातून द्या. जाऊन आल्यावर एक तरी फोटो कागदावर छापून घ्या, तिकिटासह वहीत चिकटवा आणि मधूनमधून मुलाबरोबर ती वही उघडा. लहान वयात जी आठवण एकट्याने टिकत नाही ती अशी दोघांनी मिळून टिकवता येते.

सुकन्या समृद्धी किंवा टपाल खात्यातली ठेव या भेटीही मोलाच्या आहेत. पण त्या मुलीच्या उद्यासाठी आहेत. तिच्या आजच्या संध्याकाळसाठी काहीतरी वेगळं द्यायलाच हवं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी गंभीरपणे घेतो. खोकं उघडताना नातू जी उडी मारतो, ती पाहण्याचा आजीचा आनंद हिरावून घ्यायचा का? मुळीच नाही. एखादा चेंडू, ठोकळ्यांचा एखादा चांगला संच मुलाजवळ असावाच. सगळ्या नातेवाइकांनी मिळून असं एक खेळणं आणावं आणि शिवाय प्रत्येकाने आपापला वेळ आणावा. हे आईवडिलांनी दिवाळीआधीच मोकळेपणाने सांगितलं तर कुणाचा मान दुखावत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हे सगळं मी ज्या घरांत खेळणी उतू जातात त्या घरांसाठी लिहितो आहे. दिवाळीच्या सुमाराला मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि त्यांच्याबरोबर लहान मुलंही पुढचे काही महिने कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहायला जातात. त्या मुलाला नवं खेळणं ही नुसती वस्तू वाटत नाही. कुणीतरी आपली आठवण ठेवली, असं त्याला त्यातून कळतं. त्याला आपल्या घरातली मोडकी गाडी देऊ नये. आपल्या मुलाला सोबत नेऊन, त्याच्याच हाताने कोरी वस्तू द्यावी.

यंदा दुकानात शिरण्याआधी प्रत्येक मोठ्या माणसाने स्वतःला एक प्रश्न विचारावा: या भेटीमुळे मूल माझ्या जवळ येणार आहे का? उत्तर ‘हो’ असेल, तर ती वस्तू बेलाशक घ्यावी, मग ती झारी असो, पुस्तक असो की चेंडू. उत्तर ‘नाही’ असेल, तर पैसे खिशात ठेवावेत, भाऊबीजेला दोन तास लवकर पोहोचावं आणि मुलाला विचारावं, आज आपण दोघांनी मिळून काय करायचं?