निकाल आणि निदान

‘अपयश ही यशाची पहिली पायरी’ हे वाक्य निकालाच्या दिवसांत आणि स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शन वर्गांत इतक्या सहजपणे उच्चारले जाते की त्यामागचे गृहीतक सहसा कोणी तपासत नाही. अपयशाने खचू नये, याविषयी दुमत नाही. परंतु अपयश आपण होऊन काही शिकवते काय, हा खरा प्रश्न आहे. येथे निकाल आणि निदान यांत भेद करावा लागतो: काय घडले हे सांगतो तो निकाल, आणि ते का घडले याचा उलगडा म्हणजे निदान. 10 ऑगस्ट 1979 रोजी श्रीहरिकोट्याहून उडालेले एसएलव्ही-3 हे प्रक्षेपण यान बंगालच्या उपसागरात कोसळले, हा निकाल होता. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण प्रणालीतील एका सदोष झडपेतून नायट्रिक आम्ल गळून गेले होते, हे निदान. ते हाती आले म्हणूनच 18 जुलै 1980 च्या उड्डाणात रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचला.

व्यक्तीच्या अपयशाची अशी चौकशी क्वचितच होते. मुलाखतीत मागे पडलेल्या उमेदवाराला गुण कळतात, कारण कळत नाही. मग तो कधी भाषेला, कधी नशिबाला, बहुधा स्वतःच्या कुवतीला बोल लावतो आणि चुकीचाच धडा पक्का करून बसतो. पायरीची ग्वाही देणारे वक्ते याविषयी मौन बाळगतात, हा त्यांच्या उपदेशातील मोठा दोष आहे.

तथापि, निदान झाले म्हणजे धडा मिळाला, असेही म्हणवत नाही. गणितापुढे इतर विषयांची उपेक्षा केल्यामुळे श्रीनिवास रामानुजन यांची कुंभकोणमच्या महाविद्यालयातील शिष्यवृत्ती गेली आणि पुढे मद्रासला एफ.ए. परीक्षेतही ते अनुत्तीर्ण झाले. कारण उघड होते. तरीही, कागद महाग म्हणून पाटीवर आकडेमोड करायची, ती कोपराने पुसायची आणि हाती आलेले सूत्र तेवढे वहीत उतरवायचे, हा क्रम त्यांनी सोडला नाही; 1918 मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. म्हणजे निदानानंतरही एक निर्णय उरतोच: ज्या मापाने अपयश ठरले, ते माप स्वीकारायचे की नाकारायचे. यानापुढे हा प्रश्न नसतो, माणसापुढे असतो. आणि व्यक्तीची वाढ दोष दुरुस्त करण्यापेक्षा या निर्णयातच अधिक होते, असे मानावे लागते. म्हणून काही वर्षांच्या तयारीनंतर स्पर्धा परीक्षा सोडणाऱ्या मुलामुलींना पालकांनी हरलेले ठरवण्यापूर्वी, त्यांनी काय पारखून पाहिले आणि काय नाकारले, हे त्यांनाच विचारावे.